चोपदाराची काठी कुणाच्या हाती?

आषाढीच्या आधी आमच्या करकंबला दोन पालख्या येतात. एक त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची आणि दुसरी पैठणहून एकनाथांची. पंढरपूर जवळ आलेले असते, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोचलेला असतो. अशा वेळी पालखीतळावर चोपदार आपली काठी उंच करतो आणि हजारो माणसांचा तो कल्लोळ क्षणात शांत होतो! लहानपणी मला त्या काठीचे विलक्षण कुतूहल वाटे. एकदा मी वडिलांना विचारले, “ही काठी दुसऱ्याच कुणी उचलली तर?” वडील हसून म्हणाले, “अरे, चोपदाराला सगळी दिंडी ओळखते!”

त्या प्रश्नाची आठवण मला गेल्या दिवाळीत झाली, आणि तीही संगणकांच्या संदर्भात.

माझा पुतण्या पुण्यात एका लहानशा कंपनीत आहे. डाळिंबाच्या पानाचे छायाचित्र पाहून झाडावरचा रोग ओळखायला संगणकाला शिकवायचे, हा त्यांचा उद्योग. वसुबारसेच्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन जेवायला बसला, तोच फोन वाजला. फोन झाला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढचा घास काही त्याने घेतला नाही.

झाले होते असे: कंपनीने भाड्याने घेतलेल्या यंत्रांचे त्या महिन्याचे बिल नेहमीच्या सहापट आले होते. शोध घेता कळले की दिवसा ही यंत्रे डाळिंबाची पाने पाहत होती आणि रात्री कुणा अज्ञात परक्यासाठी आभासी नाणी पाडत होती! कुलूप फोडल्याची खूण कुठेच नव्हती. साऱ्या यंत्रांवर हुकूम चालवणाऱ्या प्रणालीला परवलीचा शब्दच नव्हता. आणि ती प्रणाली आठ महिन्यांपूर्वी बसवली होती आमच्या या चिरंजीवांनी.

“साहेब विचारतात, कुलूप का काढलेस?” तो मला म्हणाला. “काका, मी कुलूप काढले नव्हते हो. ते मुळी लावलेलेच आले नव्हते!”

एकाचे काम अनेकांनी

वाचकहो, हे प्रकरण समजायचे तर आधी यंत्रांची ही दिंडी म्हणजे काय ते पाहू. एका संगणकाला जे काम झेपत नाही ते अनेकांना वाटून द्यायचे, ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचे मर्म हेच होते: एक अवाढव्य मेंदू नाही, तर एकजुटीने चालणारे अनेक लहान मेंदू. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’त टॉमस स्टर्लिंग आणि डॉनल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक एकमेकांना जोडून तोच चमत्कार थोडक्या खर्चात करून दाखवला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले, तेही याच कुळातले.

पण शेकडो यंत्रे म्हटली की त्यांना चोपदार हवा. कुणी कोणते काम करायचे, एक थकला तर त्याच्या जागी कुणी उभे राहायचे, हे सांगणारा. या चोपदारीसाठी खास प्रणाली असतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ‘कुबरनेटीस’. ‘गूगल’ने ती २०१४ मध्ये जगाला खुली केली. नावाचा ग्रीक अर्थ आहे सुकाणू धरणारा. आज बँका, दुकाने, दवाखाने अशा कित्येकांचे व्यवहार अशाच सुकाणूवर चालतात. सुकाणू ज्याच्या हाती, नाव त्याची!

मूळची घडी

आता दोष कुठे आहे तो पाहा. कोणतीही प्रणाली घरी आणली की ती एका ठराविक घडीत येते. हिलाच ‘डिफॉल्ट’ म्हणतात. तुम्ही काहीच सांगितले नाही तर ती काय धरून चालेल, ते त्यात आधीच ठरलेले असते. आणि माणसाचा स्वभाव असा की, काम चालू झाले की घडीला हात लावायचा नाही. नवे कपाट आणले तर आपण त्याच्या फळ्या तरी कुठे हलवतो?

कुबरनेटीसमध्ये प्रत्येक यंत्रावर एक हस्तक असतो. त्याची मूळची घडी अशी होती की, ओळख न सांगता कुणी आला तरी त्याला आत घ्यावे आणि तो सांगेल ते करावे. हे वाचून हसू येते. पण करणारे मूर्ख नव्हते. त्यांनी गृहीत धरले होते की हा हस्तक वाड्याच्या आतल्या चौकात बसणार आणि त्याच्यापर्यंत घरचीच माणसे पोचणार. शिवाय नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दहा किल्ल्या मागितल्या तर तो शेजारच्या दुकानात जाईल, ही धास्ती होतीच. पण वाड्याची भिंत पडते, कुणी मागचे दार उघडते आणि चौक रस्त्यावर येतो. माझ्या पुतण्याने घरून काम करता यावे म्हणून असेच एक दार उघडले होते, ‘चार दिवसांसाठी’.

मोठमोठ्यांचीही हीच गत झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘रेडलॉक’ या सुरक्षा संस्थेने उघड केले की ‘टेस्ला’ या बलाढ्य मोटार कंपनीचा कुबरनेटीसचा फलक परवलीच्या शब्दावाचून उघडा होता. चोरांनी तिथे नाणी पाडण्याचा कारखाना थाटला होता, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून यंत्रांवर भार बेताचाच ठेवला होता. त्याच फलकामागे कंपनीच्या दुसऱ्या कोठारांच्या किल्ल्याही पडलेल्या होत्या. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, ‘मोंगोडीबी’ नावाच्या माहितीसाठ्यांची हजारो कोठारे अशीच उघडी सापडली. चोरांनी माहिती पुसून तिथे खंडणीची चिठ्ठी ठेवली.

पंचाहत्तर सेंटांची गोष्ट

ही खोड आजची नव्हे. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ संगणकाचे हिशेब पाहत असता त्याला पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली. दुसरा असता तर त्याने खिशातून भर घातली असती! स्टॉल मात्र हटून बसला. महिनोन् महिने माग काढत तो जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोचला. अमेरिकन लष्करी संगणकांतून माहिती चोरून ती रशियन हेरांना विकणारी टोळी त्यातून उजेडात आली. त्या चोराची एक युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येतानाच यंत्रांवर ‘सिस्टिम’, ‘फील्ड’ अशी खाती असत आणि त्यांचे परवलीचे शब्दही ठरलेले असत. कित्येक ठिकाणी ते कुणी बदललेच नव्हते.

दोषी कोण?

तर मग दोष कुणाचा? घडी न बदलणाऱ्याचा, की तशी घडी घालून माल विकणाऱ्याचा?

विक्रेते पुष्कळदा म्हणतात, पुस्तिकेत सूचना दिली होती. कृत्रिम बुद्धीच्या कामासाठी यंत्रे जुंपणारी ‘रे’ नावाची प्रणाली आहे. तिच्या उघड्या दारातून चोर शिरत असल्याचे मार्च २०२४ मध्ये ‘ऑलिगो’ या संस्थेने दाखवले. निर्मात्यांचे म्हणणे असे की हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. ती विश्वासाच्या जागी वापरायची असते. म्हणणे खोटे नाही. पण विश्वासाची जागा कोणती, हे नव्या पोराला कुणी सांगायचे?

जग मात्र हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकत आहे. कुबरनेटीसमध्ये कुणाला काय करता येईल याचे नेमके अधिकार ठरवण्याची सोय २०१७ मध्ये पक्की झाली, आणि ती बसवून देणारी प्रचलित साधने आता हस्तकाला ओळख विचारायला लावतात. तरीही त्यातली गुपिते मूळ घडीत आजही कूटबद्ध न होताच साठतात. ती कडी ज्याची त्याने लावायची. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती जोडणीच्या उपकरणांना सर्रास एकच परवलीचा शब्द देण्यास कायद्याने मनाई केली. आपल्याकडे २०२२ च्या आदेशानुसार अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला कळवावी लागते.

पुतण्याने रात्रभर जागून सारा वृत्तांत लिहिला, स्वतःची चूक न लपवता. शेवटी एकच ओळ जोडली: यापुढे कोणतीही नवी प्रणाली आली की आधी तिची घडी वाचायची, मग चालू करायची. नोकरी राहिली. आता ती तपासणी त्याच्याकडेच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दादांच्या दुकानात चोपडीपूजन झाले. प्रसाद खाता खाता पुतण्याची नजर भिंतीवरच्या कॅमेऱ्यावर गेली. “बाबा, याचा परवलीचा शब्द काय ठेवलाय?”

“ठेवायचा कशाला? बसवणारा देऊन गेलाय तोच आहे.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दहा मिनिटांत शब्द बदलला. दादा कुरकुरले, “आता हा माझ्या ध्यानात कसा राहायचा?” आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत त्यांनी तो नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली, ठसठशीत अक्षरात लिहूनही टाकला!

ती चोपडी आता तिजोरीत असते. तिजोरीची किल्ली मात्र दादा कुणाला देत नाहीत.