लेकरांसह लांबचा रेल्वेप्रवास

तुरीची रास घरात आली, ऊस कारखान्याला गेला आणि एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली, की बीदर-कलबुर्गी भागातील आपल्या शेतकरी कुटुंबांना थोडी उसंत मिळते. कोणी मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात, कोणी गोव्याला. कोणी वेलांकणी मातेचे दर्शन घ्यावे आणि लेकरांना समुद्रही दाखवावा म्हणून दक्षिणेकडे निघतात.

हा प्रवास आता सोपा झाला आहे. पूर्वी बीदरहून रेल्वेने कलबुर्गीला यायचे तर विकाराबाद आणि वाडी असा मोठा वळसा पडे. ऑक्टोबर २०१७ मध्ये हुमनाबाद, कमलापूरवरून जाणारा सुमारे ११० किलोमीटरचा सरळ लोहमार्ग सुरू झाला. कलबुर्गीहून मुंबई सुमारे ५७० किलोमीटर आहे, तर चेन्नई सुमारे ७००. म्हणजे एक सबंध रात्र किंवा सबंध दिवस डब्यात काढावा लागतो. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. पण आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत लहान लेकराचे अंग लवकर सुकते. त्यातच वाटेतल्या पाण्याने हगवण लागली, तर सुट्टी दवाखान्यात जाते आणि कधी जिवावरही बेतते. म्हणून आमचे सांगणे असे, की कपड्यांचे बोचके बांधण्याआधी पाण्याचा विचार करा.

पाणी : आदल्या रात्री पाणी उकळून, गार करून, झाकणाच्या स्वच्छ भांड्यात भरून घ्या. ते संपले तर सीलबंद बाटली घ्या. झाकणाचे सील फुटलेले नाही ना, हे पाहूनच पैसे द्या. बर्फाचे सरबत व उघडी कापलेली फळे लेकरांना देऊ नका. सहा महिन्यांच्या आतील तान्ह्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी नको; आईने त्याला वरचेवर पाजावे आणि स्वतः भरपूर पाणी प्यावे. वरचे दूध देणे भागच असेल तर बाटली टाळा. वाटी-चमचा धुवायला सोपा.

शिदोरी : आपली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांसारखी प्रवासाची शिदोरी नाही. दशम्या, कोरडा चिवडा, केळी हेही चांगले. दहीभात, ओली भाजी उन्हात लवकर आंबते; ती पहिल्याच जेवणाला संपवावी. पाच वर्षांच्या आतील लेकरांच्या हाती अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. गाडीच्या हिसक्याने दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. साबणाची वडी पिशवीत वरच ठेवा.

हगवण लागली तर : औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीच्या दोन-तीन पुड्या आधीच घेऊन ठेवा. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. हे पाणी घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या. अंगावरचे दूध बंद करू नका. लेकरू मलूल पडले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर गावी पोचण्याची वाट पाहू नका. तिकीट तपासनिसाला सांगा किंवा १३९ या क्रमांकावर कळवा, म्हणजे पुढच्या स्थानकावर डॉक्टर मागवता येतो.

तिकीट व झोप : पाच वर्षांखालील लेकरांना वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील लेकराचे अर्धे तिकीट काढता येते, पण आरक्षित डब्यात मग त्याला वेगळा बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. रात्रभराच्या प्रवासात दोघांनी एका बर्थवर अवघडण्यापेक्षा हा खर्च सोसावा. लहान लेकरांना खालच्या बर्थवर, आतल्या बाजूला निजवा. दाराशी आणि शौचालयाकडे त्यांना एकटे सोडू नका.

हरवू नये म्हणून : आपली लेकरे मराठी, कन्नड, थोडी दखनी बोलतात. पण चेन्नईच्या गर्दीत त्यांचे बोलणे कोणाला कळणार? म्हणून त्यांच्या खिशात नाव, गाव आणि आईबापांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि ती इंग्रजी अक्षरांतही लिहा. चुकामूक झाली तर आहे तिथेच उभे राहायचे, हे त्यांना घरीच शिकवा. लेकरू सापडत नसेल तर रेल्वे पोलिसांना ताबडतोब सांगा; १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. चेन्नईत सेंट्रल आणि एग्मोर ही दोन निराळी स्थानके आहेत. गाडी बदलायची असेल तर तिकिटावर स्थानक पाहा आणि मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

वेलांकणीला ८ सप्टेंबरच्या सणाला फार गर्दी असते. कडेवर तान्हे असेल तर ते दिवस टाळावेत. परतीचे तिकीट जातानाच काढा आणि मृगाच्या पेरणीआधी चार दिवस हाती राहतील असा बेत करा. दमलेल्या लेकरांना तेवढा विसावा हवा आणि आपल्यालाही बी-बियाण्याची तयारी करायला सवड हवी.