दहानंतर उघडणारा वर्ग

खगोलशास्त्र शिकायचं तर रात्री बाहेर पडावं लागतं. आज हे ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. पण साल १८६५, शिकणाऱ्या सगळ्या मुली, आणि कॉलेजचा नियम असा की रात्री दहाला दिवा मालवायचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी व्हॅसर कॉलेज सुरू झालं तेव्हा हा पेच पहिल्या वर्षापासूनच उभा होता.

कॉलेज काढणारे मॅथ्यू व्हॅसर बिअरच्या धंद्यात श्रीमंत झालेले. १८६१च्या फेब्रुवारीत त्यांनी विश्वस्तांपुढे पत्र्याची एक पेटी ठेवली. तिच्यात ४,०८,००० डॉलर किमतीचे रोखे वगैरे कागद होते. मुलग्यांना जसं कॉलेज मिळतं तसंच मुलींना मिळावं, एवढीच त्यांची अट. दोन महिन्यांत देशात यादवी युद्ध पेटलं, तरी काम चालू राहिलं. सप्टेंबर १८६५मध्ये दारं उघडली तेव्हा ३५३ मुली दाखल झाल्या.

त्या उतरल्या त्या वास्तूची कल्पना करून पाहा. सुमारे पाचशे फूट लांबीची एकच इमारत. मुलींच्या खोल्या, वर्ग, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय, जेवणघर, अध्यापकांची बिऱ्हाडं, सगळं एका छपराखाली. दिवे गॅसचे. दिवस घंटेवर चालायचा: उठायची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, तासाची, व्यायामाची. मुलींच्या वागण्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र बाई नेमलेल्या. आईबापांनी लेकी एवढ्या दूर धाडल्या त्या या बंदोबस्ताच्या भरवशावर.

याच आवारात, मुख्य इमारतीपासून थोड्या अंतरावर, घुमट असलेली वेधशाळा होती. तिच्यात बारा इंच व्यासाची दुर्बीण; तेव्हाच्या अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक. आणि तिथंच, आपल्या वृद्ध वडिलांसह, मराया मिचेल राहायच्या. नॅन्टकेट बेटावरच्या या बाईंनी १ ऑक्टोबर १८४७च्या रात्री बँकेच्या गच्चीवरून दुर्बिणीतूनच दिसेल असा नवा धूमकेतू शोधला होता, आणि त्यासाठी डेन्मार्कच्या राजाचं सुवर्णपदक मिळवलं होतं. व्हॅसरनं प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावलं खरं, पण वर्षाला ८०० डॉलर देऊन. पुरुष प्राध्यापकांना त्याच्या दुपटीहून जास्त मिळत. पुढं मिचेलबाईंनी आणि कॉलेजच्या डॉक्टर अलाइडा एव्हरी यांनी मिळून त्याबद्दल भांडण काढलं आणि पगार वाढवून घेतला.

मिचेलबाईंच्या वर्गात गुण देण्याची पद्धत नव्हती. बुद्धीला आकड्यात मोजता येतं हेच त्यांना मान्य नव्हतं. मुलीनं उत्तर दिलं की त्या विचारायच्या, हे पुस्तकात वाचलंस की स्वतः पाहिलंस? पाहायचं तर रात्र हवी. म्हणून त्यांच्या मुली रीतभात बाजूला सारून अंधारात वेधशाळेकडे जात. दिवसा काम सूर्याचं. १८७०च्या दशकात निरभ्र दिवशी सूर्याची छायाचित्रं घेण्याचा परिपाठ पडला. एका चित्रातला काळा डाग पुढच्या चित्रात सरकलेला दिसतो, कडेला जाऊन नाहीसा होतो, टिकलाच तर दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या कडेनं परत येतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे वाक्य पाठ करणं निराळं आणि आपणच काढलेल्या चित्रांवरून ताडणं निराळं.

बाहेरच्या जगात मात्र याच मुलींवरून वाद पेटला होता. १८७३मध्ये बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी पुस्तक लिहून सांगितलं की वाढत्या वयात मेंदूला ताण दिला तर मुलींची प्रजननसंस्था दुबळी होते. दाखला म्हणून त्यांनी व्हॅसरच्या एका निनावी मुलीची केस दिली. एव्हरीबाईंनी ती छापील उत्तर देऊन खोडली: क्लार्क सांगतात तेवढ्या लहान वयात कॉलेजच्या वर्गात प्रवेशच मिळत नाही! शिवाय याच कॉलेजच्या मुलींनी १८६६मध्ये, पायघोळ झग्यांत, बेसबॉलचे दोन संघ उभे केले होते.

खरं उत्तर आलं ते आभाळातून. २९ जुलै १८७८ला चंद्राची सावली अमेरिकेच्या पश्चिम भागावरून जाणार होती, म्हणजे खग्रास सूर्यग्रहण होणार होतं. साठीला टेकलेल्या मिचेलबाई व्हॅसरमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलींना घेऊन रेल्वेनं डेन्व्हरला निघाल्या. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात सामान अडकलं, आदल्या दिवसांत पाऊस झाला. पण त्या दुपारी आकाश उघडलं. खग्रास काळ तीन मिनिटांहूनही कमी. त्यात डोळा दुर्बिणीला लावून सूर्याच्या प्रभामंडळाचं वर्णन टिपायचं तर घड्याळाकडे पाहायला कुणाला फुरसत? म्हणून एकीनं सेकंद मोठ्यानं मोजायचे, बाकीच्यांनी पाहायचं, अशी वाटणी. या मंडळीत एव्हरीबाईही होत्या. त्या आता डेन्व्हरला डॉक्टरकी करत होत्या.

नियमांच्या फटीतून मुलींनी गोडही काही मिळवलं. फज म्हणजे साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट आटवून थापलेली वडीच. १८८८मध्ये व्हॅसरच्या एका विद्यार्थिनीनं कॉलेजातल्या लिलावासाठी तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोहून जास्त फज केला. ते वेड मग मुलींच्या इतर कॉलेजांतही पसरलं.

आणि पाहायला शिकलेल्या मुली? १८७०च्या तुकडीतली एलन स्वॉलो पुढं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री ठरली. १८६८ची मेरी व्हिटनी मिचेलबाईंच्या जागी प्राध्यापक झाली. १८८७ची अँटोनिया मॉरी हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासू लागली. १८८९मध्ये, मिचेलबाई वारल्या त्याच वर्षी, सारथी तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या वर्णपटातली काळी रेघ तिला कधी एक, कधी दोन दिसली. अर्थ असा, की तो एक तारा नसून दोन आहेत. फिरताना एक आपल्याकडे येतो तेव्हा दुसरा दूर जातो. त्यामुळे दोघांच्या रेघा विरुद्ध बाजूंना सरकतात आणि एकीच्या दोन होतात. हिवाळ्यात ठळक ब्रह्महृदयाच्या शेजारी हा तारा साध्या डोळ्यांनी सापडतो. दोन सूर्य तिथं एकमेकांभोवती सुमारे चार दिवसांत एक फेरी मारतात. ज्या जोडीला तेव्हाची कुठलीच दुर्बीण वेगळं करू शकत नव्हती, तिचा ठाव छायाचित्राच्या काचेवरच्या त्या रेघांवरून लागला. आणि रेघ दुभंगली हे ध्यानात येण्याएवढी नजर पोकीप्सीतल्या त्या रात्रीच्या वर्गात तयार झाली होती.