जावयाची अंगठी : वजन पाहावे की घडण?

तुळशीचे लग्न लागले की गावोगाव लग्नाची तयारी सुरू होते. मुलीचे दागिने घरच्या बायका चार दुकाने फिरून, पारखून घेतात. जावयाची किंवा मुलाची अंगठी-साखळी मात्र शेवटच्या दिवशी, उरल्यासुरल्या पैशात ‘दिसायला भारी’ अशी उचलली जाते. चूक होते ती इथेच.

आमच्या घरीही ती झाली. माझ्या लग्नातली साखळी चांगली जाडजूड दिसत होती. दुसऱ्याच वर्षी वैरण टाकताना ती बैलाच्या शिंगात अडकली आणि तटकन तुटली. गावच्या सोनाराने भिंगातून पाहिले आणि म्हणाला, “दादा, कड्या आतून पोकळ आहेत. सांधून देईन, पण ओढ सोसायच्या नाहीत.” शेवटी ती मोडीत घातली. घडणावळीचे पैसे गेले ते गेलेच.

किती कॅरेटचे घ्यावे?

चोवीस कॅरेटचे सोने शुद्ध खरे, पण इतके मऊ की रोजच्या वापरात चेपते. म्हणून त्यात तांबे, चांदी मिसळतात. २२ कॅरेटमध्ये शंभर भागांत ९१.६ भाग सोने असते, १८ कॅरेटमध्ये ७५ भाग. दहा ग्रॅमच्या डागात हा फरक दीड ग्रॅमहून अधिक पडतो. अडीअडचणीला गहाण टाकायचा किंवा मोडायचा डाग २२ कॅरेटचा बरा. खड्याची अंगठी रोज बोटात राहणार असेल तर १८ कॅरेट जास्त टणक. खडा पक्का धरून ठेवते. मात्र भावही १८ कॅरेटचाच द्यावा.

जुन्या मंडळींना १९६३ साल आठवत असेल. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली होती. १४ कॅरेटचे सोने टणक असते, पण लोकांनी ते मनापासून स्वीकारले नाही. पुढे ती अट सैल झाली आणि १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदाच रद्द झाला.

घडण कशी पाहावी?

अंगठी भरीव घ्या. वरचे नक्षीकाम पाहण्याआधी तळहाताकडची पट्टी पाहा. खोऱ्या-कुदळीच्या दांड्यावर झिजते ती हीच पट्टी. ती कागदासारखी पातळ असेल तर अंगठी टिकत नाही. खडा हवाच असेल तर चारी बाजूंनी पत्रा वळवलेल्या बंद कोंदणातला घ्या. नुसत्या आकड्यांवर धरलेला खडा धोतराच्या काठात किंवा पोत्याच्या सुतळीत अडकून निघतो. साखळी घेताना कड्या भरीव आहेत ना, प्रत्येक सांधा नीट झाळला आहे ना आणि अडकवायचा आकडा मजबूत आहे ना, हे विचारा. पाच ग्रॅमची पोकळ जाड साखळी घेण्यापेक्षा तेवढ्याच वजनाची बारीक पण भरीव साखळी जास्त वर्षे जाते.

ठसा आणि पावती

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत लागू झाली. ठशात तीन गोष्टी पाहा : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि अक्षरे-अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. घरातल्या शिकत्या मुलाला दुकानातच तपासायला सांगा. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. मोडताना खड्याला सोन्याचा भाव मिळत नाही.

रानात जाताना

आता सर्वांत महत्त्वाचे. कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राजवळ अंगठी, कडे, साखळी घालून जाऊ नका. अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जाते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम करताना पाना आणि अंगठी यांतून वीज वाहिली तर अंगठी क्षणात तापून बोट भाजते. बोट सुजून अंगठी अडकली तर साबणाचे पाणी लावून हळूहळू फिरवा. न निघाल्यास वेळ न घालवता दवाखान्यात जाऊन कापून घ्या. अंगठी पुन्हा सांधता येते, बोटाचे तसे नाही.

द्राक्षबागेत गंधक मारतानाही डाग घरीच ठेवा. सोन्यातले तांबे-चांदी गंधकाने काळवंडते. धुवायला रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ‘दागिने उजळून देतो’ म्हणत दारावर येणाऱ्याच्या हाती मात्र काही देऊ नका. त्याच्या तेजाबात तुमचेच सोने उतरते.

देव्हाऱ्याशेजारी एक लहान डबी ठेवा. रानात निघताना अंगठी त्या डबीत आणि सणासुदीला बोटात, एवढी सवय जावयाला लावली, तर तीच अंगठी पुढे नातवाच्या लग्नात उपयोगी पडेल.