लहान व्यावसायिकाची पत आणि क्रेडिट कार्डाचा अर्ज

आमच्या लहानपणी गावातील बहुतेक दुकानांत एक पाटी टांगलेली असे : 'आज रोख, उद्या उधार.' पाटी रोज तीच असल्यामुळे तो 'उद्या' कधी उजाडत नसे. तरीही तिच्याच खाली बसून दुकानदार लाल कापडात बांधलेल्या खातेवहीत गिऱ्हाइकांची उधारी मांडीत असे. उधारीवाचून त्याचेही चालत नसे आणि गिऱ्हाइकाचेही. उधार कोणास द्यावे व कोणास देऊ नये, हे त्याला माणूस पाहून कळे. या ओळखीलाच आपण 'पत' म्हणतो. आज ती खातेवही बँकेच्या संगणकात गेली आहे, एवढाच काय तो फरक. आपल्या शाळेतील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी छोटे दुकान, खानावळ, छापखाना किंवा यंत्रमाग आहे. म्हणून लहान धंद्यासाठी क्रेडिट कार्ड कसे मागावे, आणि मागावे की नाही, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

क्रेडिट कार्ड म्हणजे ठराविक मर्यादेपर्यंत मिळणारे अल्पमुदतीचे कर्ज होय. डेबिट कार्डाने आपण स्वतःच्या खात्यातील पैसे खर्च करतो, क्रेडिट कार्डाने बँकेचे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबने भोजनगृहात दाखवावयाचे कार्ड काढले, तेव्हापासून या प्रथेचा प्रसार झाला. १९५८ साली अमेरिकेतील एका मोठ्या बँकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी सुमारे ६० हजार लोकांना, त्यांनी न मागताच, टपालाने कार्डे धाडली. पुष्कळांनी पैसे बुडविले आणि बँकेला प्रारंभी मोठा तोटा सोसावा लागला. भारतात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले. न मागता कार्ड देण्यास आज आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची स्पष्ट मनाई आहे.

धंद्याला याचा उपयोग कोणता, हे आमच्या घरच्याच उदाहरणाने सांगतो. आमचे धाकटे बंधू बेळगावात शिवणकामाचे दुकान चालवितात. शाळांचे गणवेश हा त्यांचा मुख्य हंगाम. कापड, बटणे, अस्तर यांची खरेदी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, कारागिरांची मजुरी दर शनिवारी द्यावी लागते, आणि पालकांकडून पैसे येतात ते जूनमध्ये शाळा उघडल्यावर. धंदा नफ्याचा असूनही मधले सहा-सात आठवडे हातात पैसा नसतो. हे अंतर भरून काढणाऱ्या पैशाला 'खेळते भांडवल' म्हणतात. लहान धंदे पुष्कळदा गिऱ्हाइकांच्या अभावी नव्हे, तर या खेळत्या भांडवलाच्या अभावी अडतात.

आता कार्डाचे गणित पाहू. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला बिल निघते आणि ते भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. ६ मे रोजी घेतलेल्या कापडाची रक्कम ५ जूनच्या बिलात येईल व २५ जूनपर्यंत भरावी लागेल. म्हणजे ५० दिवस पैसे बिनव्याजी वापरावयास मिळाले. तेच कापड २० एप्रिलला घेतले, तर रक्कम ५ मेच्या बिलात येऊन २५ मेलाच भरावी लागेल. मुदत अवघी ३५ दिवसांची. आणि शाळा तर अजून उघडावयाच्या आहेत! कापड तेच, दुकान तेच, परंतु खरेदीची तारीख चुकली तर सोयीची गैरसोय होते. बिलाची तारीख किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी ग्राहकास दिला आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र ही बिनव्याजी मुदत, मागील संपूर्ण बिल वेळेवर भरले असेल तरच मिळते, हे विसरता कामा नये. शिवाय आपला ठोक व्यापारी कार्ड स्वीकारतो काय, आणि त्यासाठी वर काही आकार घेतो काय, हेही आधी विचारावे.

अर्ज करण्यापूर्वी कागदपत्रांची सिद्धता हवी. मालकाचे पॅन कार्ड व आधार, दुकानाचा परवाना, बँकेच्या खात्याचे सहा महिन्यांचे अगर वर्षाचे उतारे, आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे सामान्यतः मागितली जातात, जी.एस.टी.ची नोंदणी असल्यास तिचेही कागद लागतात. याखेरीज 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही सरकारी नोंदणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. नावसाधर्म्य राखून पैसे उकळणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांपासून सावध असावे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी व वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. तेव्हा आपल्या गल्लीतील जवळजवळ प्रत्येक दुकान त्यात येते. अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत मर्यादेची खास क्रेडिट कार्डे देण्याची घोषणा २०२५ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. बँकेत गेल्यावर या कार्डाची चौकशी अवश्य करावी.

कागदपत्रांत एक दोष फार आढळतो. पॅनवर एक नाव, आधारवर दुसरे आणि दुकानाच्या परवान्यावर तिसरेच! कोठे वडिलांचे नाव आहे, कोठे नुसते आद्याक्षर. कोठे आडनावाचे लेखन निराळे. आपल्या सीमाभागात तर एकाच माणसाचे नाव मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन लिप्यांतून जाता जाता तीन रूपे धारण करते. अर्जापूर्वी ही नावे एकसारखी करून घेणे हिताचे.

परंतु आमच्या बंधूंचे कागद चोख होते, तरीही त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या संध्याकाळी ते दुकान लवकर बंद करून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, मी आजवर कुणाचा एक रुपया बुडवला नाही. मग माझी पत गेली कुठे?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते. अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण लेखी कळविणे कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, असे पुढे समजले. आम्ही ते कारण मागितले. उत्तर आले ते असे की, 'पत-अहवालात थकबाकी'.

हा पत-अहवाल म्हणजे काय? आपण घेतलेली कर्जे, त्यांचे हप्ते आणि ते वेळेवर भरले की नाही, याची नोंद ठेवणाऱ्या चार संस्थांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे. सिबिल हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. या नोंदींवरून ३०० ते ९०० यांमधील एक आकडा काढतात. आकडा जितका मोठा, तितकी पत चांगली. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक व दुकान वेगळे नसतात. म्हणून दुकानाच्या कार्डासाठीसुद्धा मालकाचाच आकडा पाहिला जातो आणि दुकानाचे देणे हे मालकाचे स्वतःचे देणे ठरते. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो.

बंधूंचा अहवाल मागविला तेव्हा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी शेजारच्या मित्राच्या मोटारसायकलीच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. मित्राचे हप्ते थकले होते, आणि ती थकबाकी जामीनदाराच्याही नावे नोंदली गेली होती. सही करताना 'नुसती सही तर करायची आहे' असे दोघांनाही वाटले होते. मित्राने हप्ते पुरे करून नोंद दुरुस्त होईपर्यंत काही महिने गेले. त्या वर्षीचा हंगाम कापड चढ्या भावाने उधार घेऊन कसाबसा पार पाडावा लागला, दोन कारागिरांची मजुरी दोन आठवडे तटली, आणि त्यांतील एकाने दुसऱ्या दुकानाची वाट धरली. मित्राशी बोलणे तुटले नाही, हे आमच्या बंधूंच्या स्वभावाचे श्रेय. पण एका सहीची किंमत घरातील सर्वांस कळून चुकली.

अशा वेळी आणखी एक चूक होण्याचा संभव असतो. एका ठिकाणी नकार आला की माणूस घाईने चार ठिकाणी अर्ज करतो. प्रत्येक अर्जाबरोबर तपासणीची नोंद अहवालात होते, आणि थोड्या दिवसांत अशा पुष्कळ नोंदी दिसल्या की हा मनुष्य पैशासाठी फार अडला आहे, असा ग्रह होऊन आकडा आणखी खाली येतो. तेव्हा नकाराचे कारण दूर करून मगच दुसरा अर्ज करावा. ज्यांची पत अद्याप तयार झालेली नाही, त्यांना मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. ठेवीवरचे व्याज चालू राहते आणि ठेवीच्या काही हिश्शाइतकी मर्यादा कार्डावर मिळते. बंधूंनी शेवटी हाच मार्ग पत्करला.

अर्जातील उत्पन्नाचा रकाना भरताना आकडा फुगविण्याचा मोह होतो. विवरणपत्रात एक आणि अर्जात दुसरे उत्पन्न लिहिणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध साक्ष देणे होय. अर्जासोबत व्याजाचा दर व आकार यांचे एकपानी टिपण द्यावेच लागते. ते मागून घेऊन वाचल्याशिवाय सही करू नये. वार्षिक शुल्क किती, उशिराचा दंड किती, रोख रक्कम काढल्यास आकार किती, हे त्यात असते. कार्डावर रोख रक्कम काढली तर बिनव्याजी मुदत नसतेच. काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. कारागिरांची मजुरी अशा रोख रकमेतून देणे हा फार महाग उपाय आहे. धंद्याच्या कार्डावर घरचा खर्च टाकू नये. हिशेब तर बिघडतोच, शिवाय धंद्यासाठी दिलेला पैसा धंद्यातच लागतो की नाही हे पाहण्याचे उत्तरदायित्वही बँकेवर आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात : एकूण देणे आणि किमान देणे. समजा, एकूण देणे ४०,००० रुपये व किमान देणे त्याच्या पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये आहे. बंधूंना पहिल्या बिलावर हा लहान आकडा पाहून हायसे वाटले होते. तो भरला तर दंड होत नाही, हे खरे. परंतु उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरल्यास १,३३० रुपये होतात, आणि त्यावर १८ टक्के कर म्हणजे सुमारे २३९ रुपये. दोन हजार भरूनही पुढच्या महिन्यात देणे ३९,५६९ रुपये! कर्ज अवघे ४३१ रुपयांनी उतरले. वस्तुतः व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जात असल्याने प्रत्यक्ष आकडा याहूनही वाईट निघतो. दरमहा साडेतीन म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. इतक्या व्याजाइतका नफा गणवेश शिवून कोणास होणार? शिवाय मागील बाकी उरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

यावरून कार्ड कोणी घेऊ नये हेही कळते. ज्याची आवक कधी येईल याचा भरवसा नाही, ज्याला यंत्र घ्यावयाचे आहे आणि त्याची किंमत दोन-तीन वर्षांत फेडावयाची आहे, किंवा ज्याला जुने कर्ज नव्या कर्जाने फेडावयाचे आहे, त्याने कार्डाच्या वाटेस जाऊ नये. यंत्रासाठी हप्त्यांचे कर्ज बरे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे. पण कार्डाची मर्यादा हे आपले अंथरूण नव्हे. हंगामात खात्रीने येणारी रक्कम हे अंथरूण, आणि ती रोजकीर्द लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

कार्ड नकोसे झाले तर बाकी फेडून ते बंद करण्यास लेखी सांगावे. सात कामाच्या दिवसांत ते बंद न केल्यास पुढे दररोज ५०० रुपये भरपाई ग्राहकास द्यावी लागते. तक्रारीस तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. फोनवरून आलेला परवलीचा आकडा मात्र कोणासही, कितीही गोड बोलून मागितला तरी, सांगू नये.

विद्यार्थिमित्रहो, घरातील वडील मंडळी पुष्कळदा असे कागद न वाचताच सही करतात. कोणास भाषा अडते, कोणास बारीक अक्षरे, कोणास संकोच. तुम्ही शेजारी बसून ते वाचून दाखविलेत, तर तुमच्या शिक्षणाचा घरास तात्काळ उपयोग होईल. आमची पुतणी आठवीत शिकते. दर महिन्याच्या ५ तारखेला ती वडिलांचे बिल खातेवहीशी ताडून पाहते आणि दुकानातील दिनदर्शिकेवर २५ तारखेभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढून त्यात एकूण देण्याचा आकडा लिहिते. किमान देण्याचा आकडा ती लिहीत नाही. गेल्या हंगामात कापड रोखीच्या भावाने आले, मजुरी शनिवारच्या शनिवारी पोहोचली, आणि दुसऱ्या दुकानात गेलेला तो कारागीर पुन्हा आपल्या जुन्या यंत्रावर येऊन बसला आहे.