पाचवा धावणारा

पहाटे पाच वाजता वस्तीमागच्या डांबरी रस्त्यावर पावलांचा आवाज सुरू होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी आपलीच मुले-मुली असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर, तेही ठरलेल्या वेळेत. मागच्या उन्हाळ्यात त्यातली एक मुलगी धावता धावता खाली बसली आणि आडवी झाली. सोबतचे सहा जण पुढे निघून गेले, कारण मोबाईलवर वेळ लावलेली होती. एकच मैत्रीण मागे फिरली आणि आम्हाला हाक मारायला आली.

मुलगी शुद्धीवर होती. रात्री ती धड जेवली नव्हती, पाळीचा दुसरा दिवस होता आणि सकाळी पोटात फक्त कोरा चहा होता. नंतर तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. पुढे गेलेल्या मुलांना आम्ही रागावलो नाही. सोबत धावायचे म्हणजे काय करायचे, हे त्यांना आजवर कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून यावेळी या पानावर शाळकरी धावपटूंच्या एका संघाची गोष्ट सांगतो. गाव फार दूरचे आहे, पण तिथली घरे तुम्हाला ओळखीची वाटतील.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मॅकफारलंड नावाचे छोटे गाव आहे. भोवती द्राक्षे, बदाम, संत्री यांचे मळे आणि त्यात राबणारी माणसे बहुतेक मेक्सिकोतून आलेली. पोरेही आईबापांसोबत मळ्यात जायची. कुणी शाळेआधी, कुणी शाळा सुटल्यावर, आणि सुट्टीत तर दिवसभर. अशा गावातल्या सरकारी हायस्कूलमध्ये जिम व्हाईट हे शिक्षक १९६४ पासून शिकवत होते. १९८० मध्ये त्यांनी क्रॉस कंट्रीचा संघ उभा केला.

क्रॉस कंट्री म्हणजे आखलेल्या गोल पट्ट्यावर न धावता माती, गवत, चढउतार यांवरून लांब पल्ला धावणे. तिथल्या शाळांच्या शर्यतीत हे अंतर साधारण पाच किलोमीटर असते. या खेळाला फार खर्च लागत नाही. गावात डोंगर नव्हता, मोठे मैदान नव्हते, पण मळ्यांमधल्या वाटा होत्या. मुले त्या वाटांनी धावत आणि व्हाईट सर सायकलवरून त्यांच्या बाजूने जात.

कॅलिफोर्नियात शालेय क्रॉस कंट्रीची राज्यस्पर्धा पहिल्यांदा भरली १९८७ मध्ये. त्या पहिल्याच वर्षी आपल्या गटाचे विजेतेपद मॅकफारलंडच्या मुलांनी जिंकले. २००१ पर्यंत त्यांनी अशी नऊ विजेतेपदे मिळवली. २०१५ मध्ये त्यांच्यावर ‘मॅकफारलंड, यूएसए’ हा चित्रपटही आला. चित्रपटात सर गावात येतात आणि त्याच वर्षी संघ जिंकतो. खरी गोष्ट इतकी झटपट घडली नव्हती. संघ उभा राहिल्यापासून त्या विजयापर्यंत सात वर्षे गेली. भरतीत पहिल्या प्रयत्नात नाव आले नाही म्हणून खचणाऱ्या घरांनी ही सात वर्षे ध्यानात ठेवावीत.

आता या खेळाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण आम्हाला सांगायचे आहे ते त्यातच आहे. एका संघाचे सात जण धावतात. त्यातल्या पहिल्या पाच जणांचे क्रमांक मिळवतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकतो. समजा एका शाळेची दोन मुले पहिली आणि दुसरी आली, पण बाकीची तीन तिसावी, चाळिसावी आणि पन्नासावी आली. बेरीज झाली १२३. दुसऱ्या शाळेचा एकही मुलगा पहिल्या दहात नाही, पण पाचही जण एकमेकांना धरून पंधरावे ते एकोणिसावे आले. त्यांची बेरीज ८५. दुसरी शाळा जिंकली. म्हणजे पहिला कितीही वाऱ्यासारखा धावला, तरी पाचवा पोहोचेपर्यंत संघाचा निकाल लागत नाही. सहावा आणि सातवासुद्धा वाया जात नाहीत. ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या आधी पोहोचले, तर त्या संघाची बेरीज वाढते.

असा हिशोब असला की संघाची नजर आपोआप मागच्याकडे वळते. तो आज का मागे पडतोय? जेवला का? रात्री झोपला का? घरी काही झाले का? व्हाईट सर आणि त्यांच्या पत्नी मुलांच्या घरापर्यंत पोहोचले होते. कामाच्या वेळा सांभाळून सराव ठरवायचा, तर घरची परिस्थिती माहीत असावीच लागते.

श्रद्धेचेही बोलू. या शेतमजुरांची घरे बहुतेक कॅथलिक. शेजारच्या डेलानो गावात १९६५ मध्ये द्राक्षमजुरांचा मोठा संप झाला. पुढच्या वर्षी मजूर तिथून राज्याच्या राजधानीपर्यंत पायी चालत गेले, तेव्हा मोर्चात पुढे त्यांच्या ग्वादालुपे मातेचे चित्र असलेला ध्वज होता. त्या भागातली श्रद्धा अशी होती. ती पाय दुखेपर्यंत चालायला लावायची आणि शेजाऱ्याला सोबत घ्यायला लावायची. शर्यतीच्या चौथ्या किलोमीटरला छाती भरून येते, तेव्हा धावणाऱ्याला आधार असतो तो आपला सोबती सोडून जाणार नाही या विश्वासाचा. रोज पहाटे ठरल्या वेळी ठरल्या जागी आलेल्या माणसावरच असा विश्वास बसतो. आपण ज्याला कल्याणमित्र म्हणतो, तो हाच.

पण आम्ही आरोग्याचे काम करतो, म्हणून गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८० च्या दशकात याच मॅकफारलंडमध्ये लहान मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. लोकांचा संशय कीटकनाशकांवर आणि पाण्यावर होता. सरकारी तपासण्या झाल्या, पण नेमके कारण सिद्ध झाले नाही. म्हणजे एकीकडे मुले राज्यात पहिली येत होती आणि दुसरीकडे त्याच गल्लीतल्या आया दवाखान्याच्या फेऱ्या मारत होत्या. धावण्याने शरीर घडते, पण त्याने नळाचे पाणी शुद्ध होत नाही. पोरांच्या पदकाचे फोटो काढताना नाली, पाणी आणि दवाखान्याची मागणी मागे पडू देऊ नका. त्या संघातली काही मुले शिकून पुन्हा त्याच गावाच्या शाळेत कामाला आली. आम्हाला त्यांचे खरे यश त्यात दिसते.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. आपल्या मुली पाणी भरून, धुणीभांडी करून धावतात. मुले रात्रपाळी करून येतात आणि धावतात. राबलेल्या शरीराला धावण्याचा भार दुप्पट पडतो. म्हणून सोबत धावणाऱ्या प्रत्येक गटाने पुढच्या गोष्टी पाळाव्यात.

जोडी लावा. प्रत्येकाला एक सोबती. जोडीदार दिसेनासा झाला की थांबायचे. सगळ्यांत मागे धावणाऱ्याकडे फोन आणि पाण्याची बाटली द्या.

रिकाम्या पोटी धावू नका. निघण्याआधी एक केळे, गुळासोबत मूठभर शेंगदाणे किंवा अर्धी भाकरी पुरते. धावून आल्यावर तासाभरात नीट जेवा. वरण, उसळ, अंडे, जे घरात असेल ते.

हिमोग्लोबिन तपासा. मुलींमध्ये १२ च्या खाली आणि तरुण मुलांमध्ये १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी घेतली की लगेच चहा पिऊ नका. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो. शौच काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

सिकलसेलची तपासणी एकदा कराच. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. जो पीडित आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीची तयारी करू नये. जो फक्त वाहक आहे तो धावू शकतो, पण त्याने हळूहळू अंतर वाढवावे, पाणी भरपूर प्यावे आणि ऊन टाळावे. धावताना पाय एकदम गळून गेले, मांड्या-कंबर दुखू लागली किंवा नंतर लघवी गडद चहासारखी झाली, तर थांबून लगेच दवाखाना गाठावा. अमेरिकेत मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून सुरू झाली, तीही एका तरुण वाहक खेळाडूचा सरावानंतर मृत्यू झाल्यावर. आपण कुणाच्या मरणाची वाट का पाहावी?

उन्हाची खूण ओळखा. धावणारा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि कुणीतरी १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघत बसू नका, अंग थंड करणे तोवर चालू ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पाळीबद्दल उघड बोला. पाळीत धावायला हरकत नाही, पण सराव वाढवल्यावर तीन महिने पाळीच आली नाही, तर शरीराला अन्न कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा मुलीला दवाखान्यात न्या. तिला टोमणे मारू नका.

त्या पहाटे पडलेली मुलगी तीन महिने गोळ्या घेऊन पुन्हा रस्त्यावर आली. सुरुवातीला ती सगळ्यांत मागे असायची. पण आता तिच्यासोबत तीच मैत्रीण धावते आणि पुढचे वळणावर थांबून दोघींची वाट पाहतात. त्यांच्या वेळेत त्यामुळे काही सेकंदांची तूट येते. सरावात ती चालेल, असे त्यांनी आपसात ठरवले आहे.

तुमच्या वस्तीतही मुले धावत असतील. येत्या रविवारी पहाटे आई-बाबांपैकी एकाने त्यांच्यासोबत रस्त्यावर उभे राहा. घरात सायकल असेल तर तीही काढा.