माळरानावर देशी गवत : वैरण आणि वन्यजीवांचा निवारा

सोलापूर, अहिल्यानगर, सांगली, सातारा या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या तालुक्यांत आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात हलक्या, मुरमाड जमिनीचे माळ मोठ्या प्रमाणावर आहेत. या जमिनींना आपण 'पडीक' म्हणतो. वास्तविक ४०० ते ६०० मि.मी. पावसाच्या या मुलखात गवत हेच मुरमाड जमिनीचे मूळचे पीक होय. दाबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ प्रदेशांची वर्गवारी प्रसिद्ध केली. तीत दख्खनच्या पठाराचा समावेश सेहिमा-डायकॅन्थियम गटात केला आहे. सेहिमा म्हणजे आपले शेडा व पवन्या आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. ही सर्व गवते उष्ण हंगामात वाढणारी आहेत. पहिल्या पावसाबरोबर फुटतात, भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर येतात आणि थंडीत वाळून उभी राहतात.

याच गवताच्या आधाराने काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, ससा, लावा, चंडोल आणि सर्वांत दुर्मिळ असे माळढोक व तणमोर हे पक्षी जगत आले. माळढोकासाठी राज्यात १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. सोलापूरजवळील नान्नज येथे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली चराई बंद करून राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर हे पक्षी येऊ लागले, हे त्या काळात अनेकांनी पाहिले आहे. पुढे परिस्थिती पालटली. माळढोक २०११ पासून आणि तणमोर २०२१ पासून जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहेत. हे पक्षी केवळ अभयारण्याच्या हद्दीत राहत नाहीत. ते आपल्या शेतात, बांधावर आणि पडीत येतात. म्हणून ज्यांच्याकडे चार-दोन एकर माळ आहे, त्यांनी त्याचे काय करायचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नांगर लावण्यापूर्वी माळ पाहावा

बियाणे आणण्याची घाई करू नये. ऑक्टोबरमध्ये गवत फुलोऱ्यावर असताना माळावरून एक फेरी मारावी. बोरीच्या जाळीत, निवडुंगाच्या आडोशाला, दगडांच्या फटीत, म्हणजे जेथे जनावराचे तोंड पोहोचत नाही तेथे, शेडा, पवन्या, मारवेल यांचे ठोंब दिसतात काय ते पाहावे. अशी ठोंबे अधूनमधून दिसत असतील तर जमीन मुळीच नांगरू नये. दोन ते तीन पावसाळे कडक चराईबंदी केल्यास गवत आपोआप पसरते. एकदा मोडलेला मूळचा माळ पूर्वीसारखा होण्यास फार वर्षे लागतात, आणि बी पेरून तो तसाच उभा राहील असे समजू नये.

माळावर कुसळीच कुसळी असेल तर चराई व वणवा यांचा ताण पडला आहे असे ओळखावे. कुसळीही गेली आणि केवळ वीतभर उंचीची वर्षायू गवते उरली असतील तर ताण फारच झाला आहे. लागवडीची खरी गरज अशा जमिनीला आणि पूर्वी नांगरून नंतर सोडून दिलेल्या पडीला असते.

बियाणे व पेरणी

बी शक्यतो आपल्याच भागातील माळावरून गोळा करावे. बाहेरचे बी जोमदार दिसले तरी आपल्या पावसाच्या खंडात ते टिकेलच असे नाही. मारवेलचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकते, पण सर्व तुरे एकाच वेळी पिकत नाहीत आणि पिकलेले बी लगेच गळते. त्यामुळे चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा ओरबाडून घ्यावे लागते. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावे. ताजे बी नीट उगवत नाही, त्याला काही महिने विश्रांती लागते. ऑक्टोबरचे बी जूनमध्ये पेरणे म्हणूनच सोयीचे पडते.

गवताच्या बियाण्यात पोकळ तुसांचे प्रमाण मोठे असते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि दोन आठवड्यांत किती उगवतात ते मोजावे. चांगल्या बियाण्याचे हेक्टरी ५ ते ६ किलो प्रमाण पुरते. उगवण कमी आढळल्यास त्या मानाने बी वाढवावे.

जमिनीला कुळवाच्या एक-दोन पाळ्या द्याव्यात, खोल नांगरट नको. बी केसाळ व हलके असल्याने पाभरीच्या चाड्यातून ते सरळ पडत नाही. ओलसर बारीक माती किंवा वाळू मिसळून हाताने ४५ ते ५० सें.मी. अंतरावरील काकऱ्यांत टाकावे. बी एक सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. लागवड फसण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ज्वारीच्या सवयीने गवत पेरले की ते मातीखालीच संपते. कुसळीच्या कुसळाला पीळ असतो, तो ओलाव्याने सुटतो आणि बी स्वतःच जमिनीत शिरते. निसर्गाने दिलेली ही पाभर असल्याने कुसळी मुद्दाम पेरण्याचे कारण नाही.

उताराच्या व दगडाळ जागी गाळाची माती, शेण व थोडी वाळू एकत्र कालवून त्यात बी मिसळावे, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून वाळवाव्यात आणि पावसाच्या तोंडावर फेकाव्यात. यामुळे बी वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्याही नेत नाहीत.

बी कमी असल्यास ठोंबांची लागवड अधिक खात्रीची. जुलैमध्ये संततधार असताना दोन-तीन काड्यांचे, मुळासह ठोंब ५० × ५० सें.मी. अंतरावर लावावेत. हेक्टरी ४०,००० ठोंब लागतात. ते एकाच वर्षी मिळणे कठीण म्हणून पहिल्या वर्षी दोन-चार गुंठे लावून त्यातूनच पुढची लागवड करावी.

पहिले वर्ष

पहिल्या पावसाळ्यात शेत पाहून निराशा वाटते. तण गुडघाभर आणि गवत चार बोटे, असे चित्र असते. गवत या काळात मुळे खाली सोडत असते, हे ध्यानात घ्यावे. तणनाशकाच्या मागे न लागता तण गवताच्या शेंड्यावरून विळ्याने छाटावे. गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे. विलायती बाभळीची रोपे लहान असतानाच मुळासकट काढावीत. नत्रखत देऊ नये, त्याचा फायदा तणच घेते. जनावर आत सोडू नये, मग ते घरचे वासरू का असेना.

झाडे लावण्याचा मोहही टाळावा. माळढोक व काळवीट यांना दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे रान लागते. ओळीने लावलेल्या गिरिपुष्पावर किंवा सुबाभळीवर कावळे बसतात आणि जमिनीवरील अंडी त्यांच्या नजरेस पडतात. मुळात असलेल्या चार-दोन बोरी व हिवर राहू द्यावेत. बोरे माळढोकही खातो.

कापणी केव्हा व कशी

खरी अडचण येथे आहे. वैरणीच्या दृष्टीने गवत फुलोऱ्यात कापणे उत्तम, कारण बी धरल्यावर त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात. परंतु तणमोराची मादी जुलै ते सप्टेंबरमध्ये याच गवतात जमिनीवर अंडी घालते. माळढोक तर एका विणीत एकच अंडे घालतो. लाव्याची पिल्लेही याच दिवसांत गवतात असतात. फुलोऱ्याला सरसकट विळा चालविला तर निवारा म्हणून राखलेले रानच त्यांचा सापळा होते.

यावर आमची सूचना अशी की, कुरणाचे तीन भाग करावेत. घरापासून किंवा रस्त्यापासून जवळचा, वर्दळीचा भाग फुलोऱ्यात कापून चांगली वैरण घ्यावी. दुसरा भाग ऑक्टोबर अखेरनंतर कापावा. त्याची प्रत हलकी असली तरी कडब्यात मिसळून ती खपते. तिसरा भाग पुढील पावसाळ्यापर्यंत उभा ठेवावा आणि दरवर्षी दुसरा व तिसरा भाग आलटून पालटून घ्यावेत. उभ्या गवताची वैरण बुडते हे खरे, पण त्यातच हिवाळ्यात भोवत्या पक्षी रात्रीच्या मुक्कामाला उतरतात आणि दिवसा आसपासच्या शेतांतील नाकतोडे टिपतात. बी गळून जमीनही त्याच भागात भरते.

कापणी मध्यापासून सुरू करून बाहेर सरकावी, म्हणजे पिल्लांना पळण्यास वाट राहते. कडेकडेने आत कापत गेल्यास ती मधल्या तुकड्यात कोंडतात. बुडखा १० ते १५ सें.मी. राखावा. घरटे दिसले तर हात न लावता भोवतीचे गवत उभे सोडावे. माळढोक व तणमोर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, तेव्हा त्यांच्या घरट्याची माहिती वनरक्षकास कळवावी. राखणीची कुत्री या दिवसांत बांधून ठेवावीत. काळविटाचे पाडस आणि खोकडाची पिल्ले त्यांच्याच तोंडी जातात.

उभ्या भागाला आगीचे भय असते. त्यासाठी डिसेंबरमध्येच त्याच्याभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा बुडापासून कापून, काडीकचरा उचलून मोकळा ठेवावा, आणि शेजारच्या बांधावर उन्हाळ्यात पाचट पेटविणाऱ्यास तशी आगाऊ सूचना द्यावी.