विश्लेषण : ‘पित्त झाले’ म्हणून गोळी घेतली, पण दुखणे स्वादुपिंडाचे असेल तर?

रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले की ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली जाते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. मात्र दुखणे वाढतच गेले, पाठीपर्यंत पोहोचले आणि उलटी होऊनही बरे वाटले नाही, तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. तिला ‘अ‍ॅक्युट पँक्रियाटायटिस’ म्हणतात. या आजारात घरी वाट पाहण्यात गेलेले तास महागात पडू शकतात.

स्वादुपिंड नेमके कुठे असते?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असलेली ही सुमारे १५ सेंटीमीटर लांबीची ग्रंथी. ती इन्सुलिन तयार करते, तसेच दिवसाला एक लिटरहून अधिक पाचक रस आतड्यात सोडते. या रसातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, अन्नातील प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि पिष्टमय पदार्थ पचवतात. ग्रंथी इतकी मागे असल्यामुळेच तिचे दुखणे पोटात सुरू होऊन पाठीत जाते.

वेदना सुरू कशी होते?

प्रथिने पचवणारी विकरे स्वादुपिंडात निष्क्रिय स्वरूपात असतात. लहान आतड्यात पोहोचल्यावरच ती काम सुरू करतात. या व्यवस्थेत बिघाड झाला, की ती ग्रंथीच्या आतच सक्रिय होतात आणि अन्नाऐवजी ग्रंथीच्याच पेशींना इजा करू लागतात. त्यामुळे सूज येते, आसपासच्या मज्जातंतूंना त्रास होतो आणि वेदना सुरू होते.

असे कशामुळे होते?

पित्ताशयातील खडे आणि दारू ही दोन प्रमुख कारणे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात जवळपास एकाच तोंडाशी उघडतात. पित्ताशयातून निसटलेला खडा तिथे अडकला, की स्वादुपिंडाच्या रसाची वाट अडते. मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडे सहज निसटतात, म्हणून ‘खडा लहान आहे’ हे निश्चिंत राहण्याचे कारण ठरत नाही.

इथे ‘पित्त’ या शब्दामुळे गोंधळ होतो. बोलीभाषेत ‘पित्त झाले’ म्हणजे जठरातील आम्ल वाढले. खडे होतात ते यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचे. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ते विरघळत नाहीत.

रक्तातील ट्रायग्लिसराइड १,००० मिलिग्रॅमच्या वर जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे आणि पोटाला जबर मार लागणे हीदेखील कारणे आहेत. त्यामुळे दारूला कधीही न शिवलेल्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो.

ही वेदना कशी असते?

ती बेंबीच्या वर, मध्यभागी किंवा थोडी डावी-उजवीकडे जाणवते. खड्यांमुळे होणारी वेदना अचानक सुरू होऊन थोड्याच वेळात तीव्र होते. दारूमुळे होणारी तुलनेने हळूहळू वाढू शकते. कळ येऊन जावी तशी ती येत-जात नाही. एकदा सुरू झाली की तासन्‌तास, कधी दिवसभराहून अधिक काळ टिकते. अनेक रुग्णांना पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते.

उताणे झोपल्यावर त्रास वाढतो आणि बसून पुढे वाकल्यावर थोडा आराम पडतो, ही तिची ओळखीची खूण. सोबत मळमळ आणि वारंवार उलट्या होतात. मात्र प्रत्येक रुग्णात सगळ्या खुणा दिसतातच असे नाही. वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत वेदना सौम्यही असू शकते.

रुग्णालयात कधी जावे?

पोटाच्या वरच्या भागातील तीव्र दुखणे थांबत नसेल, पाणीही पोटात टिकत नसेल, ताप, धाप, घाम, चक्कर, लघवी कमी होणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही असेल, तर सकाळची वाट पाहू नये. हृदयविकाराचा झटकाही याच जागी दुखून येऊ शकतो. म्हणून रुग्णालयात ईसीजीही काढला जातो.

निदान आणि उपचार काय?

तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या की निदान होते : तशी वेदना, रक्तातील लायपेज किंवा अमायलेजचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. लायपेजचा आकडा फार मोठा आला म्हणजे आजार तेवढाच गंभीर, असे मात्र नसते.

सूज झटपट उतरवणारे खास औषध नाही. शिरेतून सलाइन, पुरेशी वेदनाशामके आणि सतत देखरेख हा उपचाराचा पाया. पूर्वी रुग्णाला अनेक दिवस उपाशी ठेवत. आता उलट्या थांबून सोसवू लागले की लवकर खाणे सुरू केले जाते. सुमारे ८० टक्के रुग्णांत आजार सौम्य राहतो आणि बहुतेक जण आठवडाभरात सावरतात. उरलेल्यांत मूत्रपिंड, फुप्फुसे निकामी होण्याचा किंवा ग्रंथीचा भाग मृत होण्याचा धोका असतो. सुरुवातीला कोण कोणत्या गटात जाईल, हे नुसत्या दुखण्यावरून सांगता येत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?

दुखणे थांबले म्हणजे कारण गेले, असे नाही. खड्यांमुळे झालेल्या सौम्य आजारात शक्यतो त्याच मुक्कामात पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला जातो, कारण शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यास आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका राहतो. कारण दारू असेल तर ‘थोडीशी’ हा पर्याय नसतो, ती पूर्ण सोडावी लागते. तंबाखू आणि सिगारेटही सोडावी. ट्रायग्लिसराइड वाढले असतील तर आहार आणि औषधांनी ते आटोक्यात ठेवावे लागतात.

वारंवार सूज आल्यास आजार जुनाट होऊ शकतो. मग जेवल्यावर दुखते म्हणून माणूस जेवण टाळू लागतो, वजन उतरते, शौच तेलकट होते आणि पुढे मधुमेहही जडू शकतो. म्हणून पहिल्या दुखण्यानंतर घरी सोडताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हे कशामुळे झाले?